आईचे बारा लाख, ॲपवरचं बचत खातं आणि दरमहा पैसे काढायचा हिशोब

शनिपारची
नमस्कार मंडळी,
आईच्या पैशांबद्दल विचारायचंय. आई ६८ वर्षांची, साताऱ्यात एकटी राहते, फोन व्यवस्थित वापरते. बाबांच्या मागे फॅमिली पेन्शन आहे, पण औषधं, कामवाल्या मावशी, येणंजाणं धरून महिन्याला साधारण १५ हजार वरचे लागतात. बाबांच्या मुदत ठेवींचे १२ लाख नुकतेच मोकळे झाले. सध्या ते जुन्या सरकारी बँकेत बचत खात्यात अडीच टक्क्यांवर पडून आहेत.

मावसभावाने एका स्मॉल फायनान्स बँकेचं खातं ॲपवरून उघडून दिलंय. "सात टक्क्यांपर्यंत व्याज, कधीही काढा" अशी जाहिरात आहे. अजून तिथे फक्त १० हजार टाकलेत. सगळे १२ लाख तिकडे वळवायचे आणि महिन्याच्या महिन्याला १५ हजार काढायचे, असा बेत आहे. व्याज खरंच सात टक्के पडतं का? महिन्याच्या मध्येच पैसे काढले तर त्या महिन्याचं व्याज बुडतं का? आई म्हणते बुडतं, मावसभाऊ म्हणतो नाही. शिवाय टॅक्सचं काय? जाणकारांनी सांगावं.

कसारा_लोकल
सगळ्या १२ लाखांवर सात टक्के मिळणार नाहीत. ॲपमध्ये दरांचा तक्ता असतो, तो इथे टाका.

शनिपारची
हा घ्या. १ लाखापर्यंत ३ टक्के. १ ते ५ लाख, ५ टक्के. ५ लाखांच्या वर, ७ टक्के. व्याज दर तिमाहीला जमा.

हिशेबी
छान, आता गणित करता येईल. बहुतेक बँका हे टप्प्याटप्प्याने लावतात. पहिल्या १ लाखावर ३ टक्के म्हणजे ३,०००. पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००. उरलेल्या ७ लाखांवर ७ टक्के म्हणजे ४९,०००. एकूण ७२,०००. बारा लाखांवर हा दर सहा टक्के पडतो. जाहिरातीतल्या सातच्या हिशोबाने ८४,००० झाले असते.

अजून एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. तुम्ही पैसे काढता ते वरच्या टप्प्यातून कमी होतात. म्हणजे आईने काढलेला प्रत्येक रुपया सात टक्केवाला असतो आणि तीन टक्केवाला लाख शेवटपर्यंत तळाशी बसून राहतो. शिल्लक घटत जाईल तसा सरासरी दरही घसरत जाणार. पाच लाखांवर आलात की वर्षाला २३,००० व्याज, म्हणजे ४.६ टक्के.

आता दर महिन्याला व्याज जमा करणारी बँक शोधायच्या मागे लागू नका. सहा टक्क्यांवर १२ लाख वर्षभर न हलवता ठेवले तरी मासिक आणि तिमाही जमेत वर्षाला चारशे रुपयांच्या आतला फरक पडतो. इथे तर पैसे निघतच राहणार आहेत.

आळशी_अजगर
वाचतोय. आमच्याकडेही हाच विषय चालू आहे.

निवृत्त_शाखाधिकारी
आई आणि मावसभाऊ दोघंही बरोबर आहेत, फक्त काळ वेगळा.

१ एप्रिल २०१० पूर्वी बचत खात्याचं व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वात कमी शिलकेवर मिळायचं. म्हणून आमच्या काउंटरवर ९-१० तारखेला पैसे भरणाऱ्यांची झुंबड असायची, आणि मुरलेले खातेदार ३० तारखेला काढायचे नाहीत, १ तारखेला यायचे. विसाव्या तारखेला एक दिवसापुरते पन्नास हजार काढून दुसऱ्या दिवशी परत भरले तरी अख्ख्या महिन्याचं त्या रकमेवरचं व्याज जायचं. आईंच्या डोक्यात तोच नियम आहे. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिलकेवर व्याज सुरू केलं. दिवस संपताना खात्यात जे असेल त्यावर त्या दिवसाचं व्याज. मध्येच काढले तर काढलेल्या रकमेवरचं पुढचं व्याज थांबतं, मागचं कुठे जात नाही. हिशेबींच्या सहा टक्क्यांनी १२ लाखांचं एका दिवसाचं व्याज साधारण १९७ रुपये होतं. १५ हजार आज काढले की उद्या, याने अडीच-तीन रुपयांचा फरक.

पोस्टाच्या बचत खात्यात मात्र जुनाच नियम अजून चालू आहे. १० तारीख ते महिनाअखेर सर्वात कमी शिल्लक, ४ टक्के, आणि व्याज वर्षातून एकदाच, ३१ मार्चला. पीपीएफमध्ये (सरकारी भविष्य निर्वाह निधीत) १० च्या जागी ५ तारीख. त्यामुळे आई म्हणतात ते पोस्टात आजही खरं.

ऑक्टोबर २०११ पासून बचत खात्याचा दर बँका स्वतः ठरवतात. त्याआधी सगळीकडे एकच होता. १ लाखापर्यंतच्या शिलकेला एका बँकेत सगळ्यांना एकच दर द्यावा लागतो. त्यावर टप्पे पाडायची मुभा आहे. जाहिरातीतले आकडे या वरच्या टप्प्यातले असतात.

आता माझा प्रश्न. खातं उघडताना व्हिडिओ कॉल झाला होता का? बँकेचा माणूस समोर आला, पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितलं, असं काही?

शनिपारची
नाही. आधार नंबर टाकला, ओटीपी आला, खातं उघडलं. पाच मिनिटांत. त्यावरच तर आई खूश होती.

निवृत्त_शाखाधिकारी
मग बारा लाख अजिबात पाठवू नका.

नुसत्या आधार ओटीपीवर उघडलेलं खातं हे अर्धवट केवायसीचं (ओळख-पत्त्याच्या पडताळणीचं) खातं असतं. त्यात एकूण शिल्लक १ लाखाच्या वर जाऊ शकत नाही, आर्थिक वर्षात एकूण जमा २ लाखांच्या वर जाऊ शकत नाही. एका वर्षाच्या आत पूर्ण केवायसी केली नाही तर खातं बंद करावं लागतं. तुम्ही मोठी रक्कम पाठवलीत तर ती परत येईल किंवा अडकेल. ती सोडवायला ईमेल, तक्रार क्रमांक आणि "आम्ही आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत" असं सगळं रामायण होईल.

ॲपमध्ये "व्हिडिओ केवायसी" असा पर्याय असेल, तो करा. मूळ पॅन कार्ड हाताशी हवं, आई भारतात असायला हव्यात (लोकेशन नोंदवलं जातं), उजेड पुरेसा हवा. ते झालं की खातं शाखेत जाऊन उघडल्यासारखंच धरतात, या मर्यादा निघून जातात.

कसारा_लोकल
हे खरंच उपयुक्त. माझ्या पाहण्यातल्या किती जणांची अशी ओटीपी खाती आहेत! कोणाला पत्ताच नाही.

सकाळची_पोळी
बचत खात्याऐवजी स्वीप सुविधा का घेत नाही? ठरलेल्या रकमेच्या वरचे पैसे आपोआप एफडीत जातात, लागले की आपोआप मोडतात. मी पाच वर्षं वापरतेय. एकच तक्रार, पासबुक वाचता येत नाही. विजेचं बिल भरलं की एक ओळ बिलाची, एक एफडी मोडल्याची, एक व्याजाची, एक टीडीएसची, म्हणजे व्याजातून आधीच कापलेल्या कराची. सासूबाईंनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, हे कोणी कोणाचे पैसे नेले?

हिशेबी
स्वीपमध्ये तीन गोष्टी विचारून घ्याव्या लागतात आणि त्या ॲपमध्ये सहसा लिहिलेल्या नसतात.

किती रकमेच्या पटीत मोडते? काही बँका हजाराच्या पटीत मोडतात, काही रुपयाच्या. २,३०० रुपयांच्या बिलासाठी हजाराच्या पटीत ३,००० मोडतील. चालण्यासारखं आहे. पण काही बँकांत अख्खी एफडीच मोडते, तिथे पंचाईत.

कुठली आधी मोडते? शेवटची केलेली आधी मोडली तर बरं, कारण जुनी एफडी तिची मुदत पूर्ण करत राहते. सगळ्यात जुनी आधी मोडली तर ती पूर्ण व्हायला चार दिवस असताना हातातून जाते.

आणि दंड. मोडलेल्या भागाला ठरलेला दर मिळत नाही, ती जितके दिवस चालली तितक्या मुदतीचा दर मिळतो, त्यातून बऱ्याच बँका अर्धा ते एक टक्का कापतात. सात दिवसांच्या आत मोडली तर व्याज शून्य. म्हणजे दर आठवड्याला पैसे आत-बाहेर होणाऱ्या खात्यात स्वीप ठेवून हाती काही लागत नाही, पासबुक तेवढं भरतं.

निवृत्त_शाखाधिकारी
हिशेबी, थोडा मतभेद. आईंसारख्या खात्यात, जिथे महिन्यातून एकदाच १५ हजार निघतात आणि बाकी पैसा शांत असतो, तिथे स्वीप वाईट नाही. अडीच टक्क्यांवर पडून राहण्यापेक्षा दंड कापूनही जास्त मिळतं. फक्त स्वीपमधलं व्याज हे एफडीचं व्याज धरलं जातं, त्यामुळे टीडीएसच्या हिशोबात येतं. बचत खात्याच्या व्याजावर निवासी माणसाचा टीडीएस कापत नाहीत.

मालवणी_मसाला
सगळे दराबद्दल बोलतायत. पीएमसी बँक विसरलात का? सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा पहिल्या दिवशी पैसे काढायची मर्यादा होती हजार रुपये. हजार! भांडुप-मुलुंडच्या शाखांसमोर उभी असलेली म्हातारी माणसं मी बघितलीत. तेव्हा ठेव विमा (बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणारी रक्कम) फक्त १ लाख होता, फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाख केला. पुढे बँक युनिटी स्मॉल फायनान्समध्ये विलीन झाली, पण ५ लाखांच्या वरचे पैसे टप्प्याटप्प्याने, शेवटचा हप्ता दहा वर्षांनी. नंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हाही आधी काढणं पूर्ण बंद, मग २५ हजार.

ठेव विम्यात मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख मोजतात. एका बँकेतल्या सगळ्या शाखा, बचत, एफडी सगळं एकत्र. म्हणून एका बँकेत साडेचार लाखांच्या वर ठेवू नका, वर व्याजाला जागा सोडा. एकटीच्या नावावरचं खातं आणि मुलीबरोबरचं जोडखातं हे वेगवेगळं धरलं जातं, म्हणजे त्याच बँकेत आणखी ५ लाखांचं कवच मिळतं. स्मॉल फायनान्स बँकांनाही हाच विमा आहे, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण १२ लाख एकाच ठिकाणी? नको गं बाई.

कोल्हापुरी_झटका
सरकारी बँकेला एवढी भीती कशाला? उगाच घाबरवू नका.

मालवणी_मसाला
सरकारी बँकेबद्दल बोलतच नाहीये. धाग्यातला प्रश्न वाचा.

हिशेबी
शनिपारची, रात्री बसून आणखी एक हिशोब केला. दर कितीही असला तरी १५ हजार महिन्याला म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. सहा टक्क्यांनी व्याज ७२ हजार. म्हणजे मुद्दल पहिल्याच महिन्यापासून खाल्लं जाणार.

१२ लाख, दरमहा १५ हजार काढले, तर अडीच टक्क्यांवर पैसे साधारण सव्वासात वर्षं पुरतात. सहा टक्क्यांवर साडेआठ. साडेसात टक्क्यांवर सव्वानऊ. सगळी धावपळ करून दर अडीचवरून सहावर नेलात तर सव्वा वर्ष वाढतं. आणि सहा टक्क्यांवरच १५ ऐवजी १० हजार काढले तर? पंधरा वर्षांच्या वर. महागाई यात धरलेली नाही.

वाईट वाटून घेऊ नका. दर बघाच, पण घरात आधी बोलायचं ते या १५ हजारांबद्दल.

शनिपारची
खरं सांगू, हे मी कधी असं मांडून बघितलंच नव्हतं. भावाला फोन केला. तो म्हणाला महिन्याला ५ हजार मी टाकतो. आई नको म्हणतेय, "मला कुणाकडे हात पसरायचा नाही." आता ती बोलणी चालू आहेत.

सकाळची_पोळी
भावाला म्हणावं, आईला देतोय असं न सांगता विजेचं बिल आणि गॅस स्वतःच्या खात्यातून भर. आमच्याकडे हेच चालतं. सासूबाईंना "बिल आलंच नाही अजून" असं दोन वर्षं सांगितलंय.

आळशी_अजगर
😂 पोळीताई, हे ॲपमध्ये घालता येईल का?

निवृत्त_शाखाधिकारी
आता प्रत्यक्ष मांडणी. मी आईंच्या जागी असतो तर १२ लाखांचे चार भाग केले असते. २ लाख रोजच्या बँकेत बचत खात्यात, म्हणजे वर्षभराचा खर्च आणि दवाखान्यासाठी थोडं वर. २ लाखांची एक वर्षाची एफडी, २ लाखांची दोन वर्षांची. या दोन्ही व्याज मुदतीअखेर मिळेल अशा. उरलेले ६ लाख पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, दर सध्या ८.२ टक्के. ६ लाखांचं तिमाहीला १२,३०० व्याज येतं, म्हणजे महिन्याला ४,१०० पडले. बाकीचे १०,९०० पहिल्या तीन भागांतून. त्यांवर सरासरी चार टक्के धरले तरी पाच वर्षं निघतात, तोवर योजना पूर्ण होऊन ६ लाख जसेच्या तसे परत येतात.

ज्येष्ठ योजना पाच वर्षांची आहे. वर्षाच्या आत मोडली तर दिलेलं सगळं व्याज परत कापतात. एक ते दोन वर्षांत मुद्दलातून दीड टक्का, दोन वर्षांनंतर एक टक्का. म्हणूनच पहिले सहा लाख मोकळे ठेवायला सांगतोय.

एफडीचं व्याज दरमहा घेऊ नका. मासिक व्याज बँक थोडं कापून देते, कारण ते तिमाहीच्या आधी हातात पडतं. ७ टक्क्यांवर लाखाला ५८३ नाही, सुमारे ५८० येतात. शिवाय दर महिन्याला सुटे पैसे येतात आणि कुठे जातात कळत नाही.

ॲपवाल्या बँकेत ठेवायचंच असेल तर केवायसी पूर्ण करून दोन लाखांच्या एफडीपैकी एक तिथे करा. बचत खात्याचा वरचा टप्पा तुम्हाला लागूच होणार नाही. १ कोटीपर्यंतच्या व्यक्तीच्या मुदत ठेवी मुदतीआधी मोडायची सोय बँकांनी द्यायलाच हवी, हा रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर २०२३ चा नियम आहे.

करसल्लागार_नव्हे
टॅक्सचं थोडक्यात, आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी. नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर सूट मिळून कर शून्य होतो. आईंची पेन्शन आणि व्याज मिळून त्याच्या बरंच खाली असणार. जुन्या पद्धतीत ज्येष्ठांना आयकराच्या ८०टीटीबी कलमाखाली बचत, एफडी, पोस्ट सगळ्या व्याजावर ५० हजारांपर्यंत वजावट आहे. नवीन पद्धतीत ती नाही. ज्येष्ठांच्या एफडी व्याजावर एका बँकेत वर्षाला १ लाखाच्या वर गेल्यावरच टीडीएस. निवृत्तकाकांच्या मांडणीत कुठल्याही एका ठिकाणी १ लाख व्याज होतच नाही, म्हणजे टीडीएसचा प्रश्नच नाही.

न्यू_जर्सीकर
परदेशात राहणाऱ्यांसाठी एक: आमच्यासारख्यांनी भारतातलं जुनं बचत खातं तसंच चालू ठेवायचं नसतं, ते एनआरओ (अनिवासींचं, भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्यावं लागतं. एनआरओ बचत खात्यावर व्याजाच्या पहिल्या रुपयापासून ३० टक्के अधिक सेस टीडीएस कापतात. एनआरईचं (परदेशातल्या कमाईसाठीच्या अनिवासी खात्याचं) व्याज भारतात करमुक्त, अमेरिकेत मात्र दाखवावं लागतं. आईला पाठवलेले पैसे थेट तिच्या खात्यात पाठवा, जोडखात्याच्या भानगडीत पडू नका.

कोल्हापुरी_झटका
पैसे काढण्याबद्दल कोणी बोलणार का? नवीन फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिले २४ तास ५ हजारांचीच मर्यादा असते. आमच्या वडिलांना दवाखान्यात दाखल केलं त्या दिवशीच फोन बदलला होता. शेवटी कार्ड चाललं. आणि नवीन डेबिट कार्डावर ऑनलाइन व्यवहार बंदच असतात, ॲपमध्ये जाऊन चालू करावे लागतात. आईंचं कार्ड घरी बसून तपासून ठेवा. नवीन खात्यात पैसे पाठवायचं म्हटलं की बँक लाभार्थी जोडल्यावर काही तास मोठी रक्कम जाऊ देत नाही, हेही आधीच करून ठेवा. जुन्या खात्याला नवीन आणि नव्याला जुनं लाभार्थी म्हणून आजच जोडा.

कसारा_लोकल
एटीएमचं पण. १ मे २०२५ पासून मोफत व्यवहार संपले की प्रत्येकी २३ रुपये अधिक कर. स्वतःच्या बँकेचे पाच मोफत, दुसऱ्या बँकेचे मुंबईसारख्या सहा महानगरांत तीन, बाकी पाच. पुण्याला महानगर धरत नाहीत, त्यामुळे पुणेकरांना पाच. इथे तरी पुणेकर जिंकले.

शनिपारची
😀 शनिपारावर पेढे वाटते.

आळशी_अजगर
माझाही एक प्रश्न. मागच्या महिन्यात आयएमपीएसने (बँकेतून बँकेत लगेच पैसे पाठवायच्या सोयीने) पैसे पाठवले, माझ्या खात्यातून गेले, समोर जमाच झाले नाहीत. चार दिवसांनी आपोआप परत आले. बँक म्हणते आलेत ना, मग काय?

निवृत्त_शाखाधिकारी
आयएमपीएस आणि व्यक्ती ते व्यक्ती यूपीआयमध्ये पैसे कापले गेले आणि पुढे जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने स्वतःहून द्यायची असते. एटीएमला पाच दिवस. सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. ॲपवरून लेखी तक्रार करा, क्रमांक जपून ठेवा, ३० दिवसांत निकाल लागला नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, पोर्टलवरून, फुकट.

शनिपारची
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं असं: आईची जुनी बँक तशीच राहणार, त्यातलं खातं माझ्या नावाने जोडखातं करणार. ज्येष्ठ योजनेसाठी सोमवारी पोस्टात जाणार. ॲपच्या बँकेत आधी व्हिडिओ केवायसी, मग एक वर्षाची २ लाखांची एफडी. बचत खात्यातले १० हजार तिथेच राहू देत, आईला "सात टक्के" बघायची हौस आहे. पाच हजारांची बोलणी भावाकडे सोपवली, पोळीताईंच्या युक्तीसकट.

शेवटचं एक. ज्येष्ठ योजनेचं व्याज तिमाहीला येतं ते पोस्टातच पडून राहिलं तर त्यावर व्याज मिळतं का?

निवृत्त_शाखाधिकारी
नाही. न काढलेल्या तिमाही व्याजावर त्या योजनेत काहीच मिळत नाही. फॉर्म भरतानाच व्याज आईंच्या बँक खात्यात आपोआप जमा करायची सूचना द्या, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी येईल. आणि नॉमिनीचा रकाना रिकामा सोडू नका, पोस्टातला कारकून घाई करत असला तरी.